बर्फाचा सूर, खालच्या पट्टीत

ऑर्वल ट्वेटच्या स्वयंपाकघरात त्याची बायको मार्जीन हिने कॉफीचं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे सेल्मर हाउग्रुडने कप पुढे केला. पहिल्यांदा "नको, आत्ताच घेऊन आलो" म्हणायचं, दुसऱ्यांदा "उगीच कशाला त्रास" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धाच" म्हणून काठोकाठ भरलेला कप घ्यायचा, अशी त्या गावाची रीत. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा असायचा, नाहीतर आजारी.

ऑर्वल आजारातूनच उठला होता. नाताळाच्या आधी त्याची छाती उघडून हृदय दुरुस्त केलं होतं, आणि अख्खा हिवाळा त्यानं या टेबलाशी बसून, खिडकीतून तळ्याकडे बघत काढला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदाच एक पुरा हंगाम त्याच्या गळाला वॉलाय मासा लागला नव्हता. आता मार्च सरत आला होता. लोकांनी बर्फावर बसून मासे धरायच्या आपापल्या खोपट्या ओढून किनाऱ्यावर आणल्या होत्या. तळ्यावर उरलं होतं ते नुसतं पांढरं मैदान, आणि त्याच्यावर मोटारींच्या चाकांचे काळपट पडत चाललेले पट्टे.

"गुरुवारी जाऊ," सेल्मर म्हणाला. "सकाळीच. रात्रीच्या गारठ्यानं वरचा थर आवळलेला असतो तोवर. ऊन डोक्यावर यायच्या आत परत."

"तसं करता येईल," ऑर्वल म्हणाला.

"नदीच्या तोंडाशी. वॉलाय आता अंडी घालायला नदीकडे सरकले असतील. फुगलेल्या माद्या सोडून द्यायच्या. एक-दोन नर मिळाले तरी तव्यापुरतं झालं."

"वाईट नाही."

"चालायला जमेल ना तुला? स्लेज मी ओढीन. बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, बादली, बसायची स्टुलं, सगळं तिच्यावर. तू नुसता हात हलवत ये."

"डॉक्टर म्हणतात, चालत जा."

मार्जीन सिंकपाशी उभी होती. ती खिडकीशी बोलल्यासारखी म्हणाली, "अजून बर्फ आहे म्हणायचा तळ्यावर."

त्या गावात याला आरडाओरडा म्हणतात. पण दोघा म्हाताऱ्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

"दोन फुटांच्या वर आहे," सेल्मर म्हणाला. त्यालाही ठाऊक होतं, मार्चअखेरीच्या बर्फाची जाडी विचारण्यात काही अर्थ नसतो. उन्हानं बर्फ आतून उभा उभा चिरत जातो, मेणबत्त्यांची जुडी बांधून ठेवावी तसा होतो. वरून बघावं तर दोन फूट, आणि पाय पडला की जुडी सुटते.

ऑर्वल हसला. "अगं, तू कशाला घोर लावून घेतेस? पुढे पहार घेऊन सेल्मर असणार. बर्फ काय म्हणतो ते त्याला ऐकू येतं."

सेल्मरने कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

सगळं अडलं होतं ते तिथेच. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो एकटाच बर्फावर गेला होता. सवयीनं चार पावलं चालायचं, पुढच्या बर्फावर पहार हाणायची आणि कान द्यायचा. धडधाकट बर्फ पहारीला उत्तर देतो: टण्ण! बारीक, वर चढत जाणारा आवाज, मोठ्या देवळातल्या घंटेची कड वाजावी तसा. पोखरलेला बर्फ भस्सकन बसका बोलतो. ही पहार सेल्मरच्या बापाची. गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेली, वरच्या टोकाला दोराचा फास, हातातून सुटून भोकात जाऊ नये म्हणून. त्या दुपारी त्यानं पहार हाणली आणि उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, वर हिम साचलंय. बुटानं झाडून परत हाणली. हाताला कळत होतं, खाली बर्फ दगडासारखा घट्ट आहे. कानाला काहीच कळत नव्हतं.

घरी आला तर आर्लिस, त्याची बायको, अंगावर ओरडली. "अरे, किटली केव्हाची बोंबलतेय! उतरव की!" आर्लिसचा आवाज जाड, तो नीट आला. किटलीचा आलाच नाही. तोंडातून वाफ जोरात सुटत होती, आणि किटली मुकी.

त्या दिवसापासून त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय? नोव्हेंबरात तळं गोठलं की गाव विचारायचं, "सेल्मर जाऊन आला का?" तो जाऊन आला असला की बाकीचे जायचे. त्याच्या बापाच्या वेळीही असंच होतं. पहिल्या बाकावर बसायची जागा असते ना एखाद्याची, तशी ही त्याची जागा. ती सोडायची म्हणजे उठून नेमकं जायचं कुठे, हे त्याला कळत नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे, शब्द दिला होता. डिसेंबरात हॉस्पिटलमध्ये ऑर्वल नळ्यांमध्ये गुंडाळलेला पडला होता, ओठ पांढरे. प्रार्थना करावी तर जीभ वळेना, म्हणून सेल्मर म्हणाला, "मार्चमध्ये मी तुला नदीच्या तोंडाशी घेऊन जाणार. कळलं?" ऑर्वलने डोळ्यांनी हो म्हटलं होतं. सेल्मरच्या लेखी ती प्रार्थनाच झाली होती, आणि देवानं तिच्यातला आपला वाटा पुरा केला होता. ऑर्वल जगला होता. आता उरला होता सेल्मरचा वाटा.

घरी त्यानं आर्लिसला सांगितलं, "गुरुवारचं ठरलं."

आर्लिस विणत होती. "ठरलं तर जा. मी काही म्हणत नाही."

"म्हण की."

"त्याला सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

तिनं सुया खाली ठेवल्या. "सेल्मर, वीस वर्षं तू मुद्दाम ऐकत नव्हतास. हल्ली खरंच ऐकत नाहीस. बायकोला फरक कळतो रे."

रात्रभर तो कूस बदलत राहिला. मनाशी त्यानं एक हिशेब मांडला होता. पुढे आपण असणार, बुडलो तर आपण बुडू. ऑर्वल मागे, तो वाचेल. हा हिशेब त्याला बरा वाटला आणि त्या बऱ्या वाटण्यावर तो दोन दिवस तरला.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सूपची पंगत होती. ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे चालू असले की दर बुधवारी असते. तळघरात लांब टेबलं, वाटाण्याचं सूप, पाव, आणि कुणी ना कुणी आणलेल्या खजुराच्या वड्या. मग सगळे वर जातात आणि पास्टर एल्डन प्रवचन करतात. पास्टर एल्डनची एक तऱ्हा होती. बोलता बोलता ते मधेच थांबायचे आणि व्यासपीठावरूनच एखादं स्तोत्र उचलायचे. लोक ते झेलायचे, खर्जापासून वरपर्यंत चारी आवाजांत, पुस्तक न उघडता. एक कडवं झालं की पास्टर पुन्हा बोलायला लागायचे, जिथं सोडलं होतं तिथूनच. ज्याला हे आवडत नाही असा माणूस त्या चर्चमध्ये टिकलाच नाही. नुसते शब्द कानांपाशी घुटमळतात, पण सूर आला की दार आपोआप उघडतं. आत काय पडझड झाली आहे ते मग ज्याचं त्यालाच दिसतं.

गायकवृंदाच्या मागच्या ओळीत सेल्मर आणि ऑर्वल शेजारी शेजारी उभे राहायचे. सेल्मरचा खर्ज, ऑर्वलचा वरचा आवाज. लग्नं झाली नव्हती तेव्हापासून. ऑपरेशननंतर ऑर्वल गाताना सेल्मरच्या कोपराला धरून उभा राहायचा, आणि कडवं सुरू होताना त्याची पकड जराशी घट्ट व्हायची. सेल्मर मुद्दाम पाय रोवून उभा राहायचा, भार पेलायला. बिचाऱ्याला अजून उभं राहवत नाही, असं त्याला वाटायचं.

त्या दिवशी प्रवचन पेत्रावर होतं. पेत्र मासेमार, तळ्यावर वाढलेला. प्रभूकडे बघत बघत पाण्यावरून चालत निघाला, वाऱ्याला भ्यायला आणि बुडायला लागला.

"पेत्राला आपण हसतो," पास्टर एल्डन म्हणाले. "विश्वास कमी पडला म्हणतो. पण मी विचारतो, तो बुडताना गप्प बसला का? मागच्या होडीत त्याचे सोबती बघत होते. सगळ्या तळ्यावर ज्याचं नाव, असा मासेमार तो. त्या लोकांदेखत ओरडला, वाचव मला म्हणून! आपल्या गावचा असता तर काय म्हणाला असता?" ते थांबले. "म्हणाला असता, नाही नाही, पाणी तसं वाईट नाही."

सगळं चर्च हसलं. हसता हसता पास्टरांनी सूर उचलला आणि हसणं गाण्यात गेलं. कोपरावरची ऑर्वलची बोटं घट्ट झाली. सेल्मरने खर्ज लावला, पण त्याचं लक्ष गाण्यात नव्हतं. त्याचा हिशेब त्याच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. आपण पुढे, आपण बुडणार, हे ठीक. पण मागे ऑर्वल आहे. तो काय उभा राहून बघेल? छातीचं हाड तारेनं शिवलेला तो माणूस पोटावर पडून सरपटत येईल, भोकाच्या काठापर्यंत, हात पुढे करून. येणारच. सेल्मरही त्याच्यासाठी आला असता. म्हणजे आपल्या बहिऱ्या कानावर आपण एक नाही, दोन माणसं उभी करणार आहोत.

गाणं संपल्यावर बाहेर पडताना त्यानं ऑर्वलला गाठलं. "उद्याचं..."

"उद्याचं ठरलंय की," ऑर्वल घाईनं म्हणाला. "मार्जीननं सँडविचही करून ठेवलीत. अंड्याची."

सँडविच करून ठेवलेली असताना पुढे बोलणं अवघड. "बरं," सेल्मर म्हणाला. "सातला येतो."

सकाळ निरभ्र होती आणि हवा हाडं गोठवणारी. किनाऱ्यालगतचा बर्फ वितळून तिथे हातभर रुंदीचं काळं पाणी झालं होतं. कुणीतरी त्यावर दोन फळ्या टाकून ठेवल्या होत्या. फळ्यांपलीकडे बर्फ सुरू होत होता, आणि खूप दूर, नदीच्या तोंडाशी, तो पांढऱ्याचा करडा झालेला दिसत होता. सेल्मरने स्लेज उतरवली. दोघांनी गळ्यात दोरीला ओवलेले टोचे अडकवले, बुडालंच तर बर्फात रोवून वर यायला. ऑर्वलने अंगावर इतकं काही चढवलं होतं की त्याचे हात बाजूला येतच नव्हते.

"मार्जीननं मला कोबीसारखं गुंडाळलंय," तो म्हणाला. "बुडालो तरी तरंगत कॅनडाला लागेन."

सेल्मर हसला नाही. तो पहार घेऊन फळीवरून पलीकडे गेला, थोडा थांबला, आणि समोरच्या बर्फावर त्यानं पहार हाणली. हाताला जोरकस धक्का बसला. बस, तेवढंच. बर्फ, पहार, सकाळ, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. हातावर भरवसा ठेवावा, असं क्षणभर त्याला वाटलं. पण हाताला कळतं ते पहार आत घुसल्यावर, आणि पहार आत घुसते तेव्हा माणूस त्याच बर्फावर उभा असतो.

"काय म्हणतोय?" मागून ऑर्वलने विचारलं. तो फळीवर एक पाय ठेवून उभा होता.

सेल्मर वळला नाही. तळ्याकडे बघतच म्हणाला, "ऑर्वल, मला ऐकू येत नाही."

"अरे, बर्फ काय म्हणतोय, असं..."

"ते ऐकलं. तुझं ऐकू येतं. बर्फाचं येत नाही. फेब्रुवारीपासून येत नाही. पहार वाजते की नाही तेसुद्धा मला कळत नाही." त्यानं पहार बर्फावर टेकवली. "मी सांगायला हवं होतं. माझ्या भरवशावर तू पुढे येऊ नकोस. मला वाचव म्हणून सांगतोय असं समज."

मागून ऑर्वल म्हणाला, "बरं झालं बाबा, बोललास एकदाचा. मला वाटलं, ईस्टर येईस्तोवर मलाच तुझं कोपर दाबत बसावं लागतंय."

सेल्मर वळला. "कोपर?"

"मी परत गायला लागलो तेव्हापासून बघतोय, दर कडव्याला उशिरा उचलतोस लेका. चर्चमधल्या पेटीचा वरचा आवाज तुला पोचत नाही. मी दाबतो तेव्हा उचलतोस."

"मला वाटलं, तुला उभं राहवत नाही म्हणून धरतोस."

"तेही आहेच," ऑर्वल म्हणाला. "दोन्ही आहे."

पन्नास वर्षं शेजारी उभं राहून गायलेल्या माणसापासून आपण काय लपवत होतो, याचं सेल्मरला हसूही आलं आणि डोळेही भरले. थंडीनं पाणी आलं असं म्हणायची सोय होती.

"मग आलास कशाला इथवर?" तो म्हणाला.

"तू ठरवलं होतंस! हॉस्पिटलात शब्द दिलास, किती मनावर घेतलंस. तुझा हिरमोड कसा करणार? खरं सांगू का, मला त्या थंडीत स्टूलवर बसायची इच्छा काडीची नव्हती. दर बुधवारी देवाकडे मागत होतो, पाऊस पाड म्हणून."

"मला तर तुला न्यायचं म्हणून..."

"ते कळलं आता."

दोन महिने दोघांनी मिळून एका सहलीची आखणी केली होती. कुठली जागा, कुठलं आमिष, बारके मासे कुठून आणायचे, कॉफी किती. जायचं मात्र दोघांपैकी कुणालाच नव्हतं. आणि घरी दोन बायका, काही म्हणत नाही म्हणत, सँडविच करत बसल्या होत्या.

पण आता, सगळं बोलून झाल्यावर, सेल्मरला त्या पांढऱ्या मैदानाकडे बघवेना आणि त्याच्याकडे पाठही फिरवता येईना. पहार अजून हातात होती. ऑर्वलने ते बघितलं असावं.

"हाण एकदा," तो म्हणाला.

"काय उपयोग?"

"हाण रे. ऐकायला मी आहे ना."

सेल्मरने पहार हाणली. आणि मागून, ऑर्वलच्या वरच्या आवाजातून नव्हे, पोटातून ओढून काढल्यासारखा एक खालचा सूर आला: "आऽऽ..." शब्द नाही, नुसता सूर. बर्फ ज्या सुरात बोलला होता तोच, पण खालच्या पट्टीत उतरवलेला, सेल्मरच्या खर्जाच्या अंगणात आणून ठेवलेला. तो सेल्मरला ऐकू आला. स्वच्छ. बर्फ बोलला आणि त्याला ऐकू आलं.

"हा चांगला," ऑर्वल म्हणाला. "वाजतोय."

त्यांनी स्लेजचा दोर सोडून कमरांना बांधला, दोघांत अंतर ठेवून. ऑर्वल फळी ओलांडून पहिल्या, ठोकून बघितलेल्या बर्फावर उभा राहिला, त्याच्या पुढे नाही. सेल्मर चार पावलं गेला. हाणली. "आऽऽ..." आणखी चार. "आऽऽ..." सूर तोच, जरा मंद. उन्हानं बर्फावर झाक आली होती. कुठूनतरी एक गरुड आला आणि करड्या भागावरून घिरट्या घालू लागला. त्याच्याखाली पाणी उघडं असणार. सेल्मरच्या मनात आलं, तिथं खाली, त्या गढूळ प्रवाहाच्या तोंडाशी, पोटं फुगलेल्या माद्या आता रांगेनं उभ्या असतील, नदीकडे तोंड करून, कुणी वर उभं आहे की नाही याची त्यांना काही पडलेली नसेल. देवाचं काम चालू होतं. त्याला आज त्यांची गरज नव्हती.

आणखी चार पावलं. त्यानं पहार हाणली आणि थांबला.

मागून सूर आला नाही.

त्यानं मान वळवली. ऑर्वल तोंड उघडून, हात छातीवर ठेवून उभा होता. बर्फाकडून गाण्यासारखं काही मिळालंच नाही, असा. त्यानं हळूच मान हलवली.

सेल्मर पहारीवर रेलून क्षणभर उभा राहिला. समोर बर्फ तितकाच पांढरा होता, मागच्यासारखाच. डोळ्यांना काही फरक नव्हता. त्यानं टोपी काढली, परत घातली, आणि आपल्याच पावलांवर पावलं टाकत मागे आला. वाटेत ऑर्वलने दोर हातावर गुंडाळत घेतला, एकेक वेढा, लोकर गुंडाळावी तसा.

फळ्या ओलांडून माती पायाखाली आली तेव्हा ऑर्वलने मोठा श्वास सोडला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "आले..." आणि गपकन तोंडावर हात ठेवला. 'आलेलुया' हा देवाच्या स्तुतीचा शब्द उपासाच्या दिवसांत उच्चारायचा नसतो. ईस्टरच्या सकाळपर्यंत मिटून ठेवायचा असतो.

"अर्धाच म्हटला," तो बोटांच्या फटीतून म्हणाला.

"अर्धा चालतो," सेल्मर म्हणाला. "कॉफीसारखा."

मग ते दोघं गाडीत, खिडक्या वाफेनं धूसर करत, अंड्याची सँडविच खात बसले. बादलीतले आमिषाचे बारके मासे, ज्याची नातवंडं नदीवर होडी घालून गळ टाकतात त्या शेजाऱ्याला द्यायचे ठरले. ऑर्वलने थर्मास उघडला आणि विचारलं, "कॉफी?"

"दे," सेल्मर पहिल्याच विचारण्याला म्हणाला.

ऑर्वलने त्याच्याकडे चमकून पाहिलं, मग कप भरला.

"आर्लिस म्हणते, कानात घालायचं यंत्र मिळतं," सेल्मर थोड्या वेळानं म्हणाला.

"मिळतं. वाईट नाही म्हणतात."

"त्यात बर्फ ऐकू येत असेल का?"

ऑर्वलने विचार केला. "नोव्हेंबरात बघू. तू हाण, मी मागे असेन." आणि त्यानं सेल्मरचं कोपर जरासं दाबलं.